उरलेल्या जागेतलं गाणं

लातूर, १२ ऑगस्ट १९९३

अजीजभाई कॅसेटवाले, वजिराबाद, नांदेड, यांना लातूरहून सिंधु बिराजदारचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला नांदेडला आले होते, तेव्हा तुमच्या दुकानातून साठ मिनिटांची एक कॅसेट भरून घेतली. यादी माझ्या हातानं लिहून दिली होती, चौदा भजनं. हे पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा जरा नीट बसून वाचा.

यादीत चौदा होती, कॅसेटीत पंधरा निघाली. बी बाजूचं शेवटचं भजन संपतं, टाळ थांबतात आणि एकदम कोणी बाई गायला लागते. पेटी नाही, तबला नाही. मागं बांगड्या वाजतात तेवढ्याच. वर्षभर ऐकून मला ते पाठ झालंय:

सैल सोड गं हात पोरी, सैल सोड गं हात
काच माझी कवळी तरी जाईल मनगटात

आई म्हणती नीट बस गं, बाप म्हणतो ऊठ
माझ्यापाशी बसली तवर ढिली सोड ही मूठ

एक फुटली, फुटू दे गं, पेटीत अजून ढीग
बसू दे ना मागं तुझ्या लेकीबाळींची रीग

यानंतर ती म्हणते, 'साऱ्या गावचे भरले हात, माझे', आणि खट्. कॅसेट संपली!

माझे यजमान मन्मथ बिराजदार इथं शाळेत शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी वारले. घर मोठं आणि मी एकटी, म्हणून अकरावी-बारावीच्या मुली ठेवते. लातूरच्या निकालाचं नाव झाल्यापासून कुठकुठून मुली येतात. सध्या बावीस आहेत. त्यांना मी घंटेवर उठवते आणि घंटेवर जेवू घालते. मी काही गाण्याबिण्याच्या नादाची बाई नव्हे. पण भांडी विसळताना मध्येच हात थांबतो आणि मी स्वतःलाच विचारते, 'माझे' काय? पुढं सांग की बाई.

ही कोण गाते ते कळवा आणि पूर्ण गाणं पाठवा. भजनाच्या कॅसेटीत कासारणीचं गाणं का घातलंत, तेही सांगा.

सिंधु बिराजदार

*

नांदेड, २१ ऑगस्ट १९९३

सिंधुताईंना अजीजचा सलाम.

तुमचं तक्रारीचं पत्र दुकानात आलेल्या सहा गिऱ्हाइकांना मी वाचून दाखवलं. सातव्यानं हातातून ओढून घेऊन स्वतः वाचलं. ताई, अकरा वर्षं हे दुकान चालवून राहिलो, आणि उरलेल्या जागेतल्या गाण्याबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

आता गुन्हा कबूल करतो. गिऱ्हाईक यादी देतं, मी कॅसेट भरतो. शेवटी दोन-तीन मिनिटं कोरी उरतात. दुसरे दुकानदार ती तशीच सोडतात. मला ते सोसवत नाही. त्या जागेत मी माझ्या पसंतीचं एखादं गाणं घालतो. ज्याचं नशीब निघालं नाही असं.

असली गाणी माझ्यापाशी पुष्कळ आहेत. एका मराठी सिनेमात बैलगाडीतलं एक गाणं होतं, चाकाच्या कुरकुरीवर चाल बांधलेली. असली चाल मी पुन्हा ऐकली नाही. पण ते मध्यंतर संपल्याबरोबर लागायचं. लोक बाहेर शेंगदाणे घेत उभे, आत रिकाम्या खुर्च्यांपुढं ती बिचारी नटी गाडीत बसून गाऊन राहिलेली. सिनेमा तीन दिवसांत उतरला. मी तिन्ही दिवस गेलो, तेही शेंगदाणे न घेता. दुसरं एक रेडिओवर दुपारी अडीचला लागायचं. त्या वेळी बाया शेतात, पुरुष पारावर घोरत, ऐकणार कोण? देगलूरच्या एका ऑर्केस्ट्रात मडिवाळप्पा म्हणून गायक होता. अर्धा तेलुगु, अर्धा मराठी पाळणा म्हणायचा. ऐकून माझी आई, जिला तेलुगु येत नव्हतं, ढसाढसा रडली होती. त्याला लोक 'नाचायचं म्हण' म्हणून बसवायचे.

या गाण्यांत खोट नव्हती. गळा होता, चाल होती, बोल होते. गाण्याला आणखी एक गोष्ट लागते ताई, मोकळा बसलेला ऐकणारा. तो यांना मिळाला नाही. म्हणून मी तो चोरून मिळवतो, तुमच्या भजनांच्या मागं.

ती बाई बाहेरगावची. तिच्याबद्दल मला फारसं ठाऊक नाही. पूर्ण गाणं सापडलं की पाठवतो.

अजीज

*

लातूर, ९ नोव्हेंबर १९९३

अजीजभाईंना नमस्कार.

आम्ही सगळ्या जिवंत आहोत, हे आधी लिहिते, कारण आता पत्राची सुरुवात तशीच करावी लागते.

त्या पहाटे भूकंपानं घर हललं तेव्हा बावीसच्या बावीस मुली मी अंगणात काढल्या. पश्चिमेकडची एक भिंत तडकली, बाकी काही नाही. बारा दिवस समोरच्या मैदानात निजलो. नंतर पालक येऊन मुलींना घेऊन गेले आणि पंधरवड्यानं आणून सोडलं, कारण परीक्षा कोणासाठी थांबत नाही.

पुनम म्हणून माझी एक मुलगी औसा तालुक्यातली आहे. तिची आज्जी आणि धाकटा भाऊ गेले. घर राहिलं नाही. बाप तिला परत घेऊन आला आणि एवढंच म्हणाला, "बाई, तिकडं आता बसायला सावली न्हाई. हितंच ऱ्हाऊ द्या तिला." पोरगी रडली नाही, बोलली नाही. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. जेवायला बसली की डाव्या हातानं घास घ्यायची.

मुली परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीनं पहाटे पाचला घंटा बडवली. माझ्यासारखी मूर्ख मीच! सगळ्या किंचाळत बाहेर धावल्या, एक जिन्यावरून पडली. घंटा उतरवून मी माळ्यावर टाकली. पण मग उठवायचं कशानं? हाक मारली तरी दचकायच्या. ताटली पडली तरी दाराकडे पळायच्या. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे टेप व्हरांड्यात ठेवला, तुमचं ते गाणं लावलं आणि आवाज अगदी हळू हळू वाढवत नेला.

अजीजभाई, एकही मुलगी दचकली नाही. एकेक करून उठून बसल्या. 'ढिली सोड ही मूठ' आलं तेव्हा पुनमनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. दीड तास रडली. मी शेजारी बसून राहिले. त्या दिवशी तिनं उजव्या हातानं पोहे खाल्ले.

आता रोज पाचला तेच लागतं. शेवटचं 'खट्' व्हायच्या आत पांघरुणं घडी झाली पाहिजेत, असा मी नियम केलाय. तुम्ही त्या बाईला एवढं जरूर कळवा. आणि तुमचं 'पाठवतो' कुठवर आलं?

सिंधु

*

नांदेड, १७ नोव्हेंबर १९९३

सिंधुताईंना सलाम.

तुमचं पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. शटर अर्धं ओढून आत बसलो.

मोकळा ऐकणारा लागतो, असं मी लिहिलं होतं. तेव्हा फार शहाणपण वाटलं होतं मला त्यात. पुनमला माझी दुवा सांगा.

सोबत नव्वदची एक कॅसेट पाठवतो. त्यात अशीच नशीब न निघालेली एकोणीस गाणी आहेत. बैलगाडीवालं पहिलं आहे, मडिवाळप्पाचा पाळणा सहावा. ते एक मात्र यात नाही. शोधून राहिलो.

अजीज

*

लातूर, ६ जुलै १९९७

अजीजभाईंना नमस्कार.

पावणेचार वर्षं तुम्ही शोधून राहिलात. एवढ्या वेळात माणूस हरवलेली म्हैससुद्धा शोधून तिचं दूध काढतो. मीही कामात बुडाले होते, म्हणून सोडून दिलं. आता सोडणार नाही.

आधी इकडची बातमी. दोन मजले वाढवले, मुली एकशे चाळीस झाल्या. मुखेड, मुरुड, हिमायतनगर, पार बिदरपर्यंतच्या. आमच्या गल्लीत आता घरापेक्षा क्लासच्या पाट्या जास्त. गच्चीवर कर्णा लावलाय. आणि ऐका, शेजारच्या वसतिगृहांनी माझ्याकडून ती कॅसेट भरून नेली. पहाटे पाचला आमच्या गल्लीत पाच घरांतून तुमची ती बाई गाते, कुठं एक ओळ पुढं, कुठं एक ओळ मागं. दूधवाला भीमा सायकलवर तेच म्हणत येतो. आणि पाचही ठिकाणी ती 'माझे' म्हणून खट् करून थांबते, कारण सगळ्या नकला माझ्याच कॅसेटीच्या.

मुली या गाण्याला नुसतं 'सैल' म्हणतात. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी एकमेकींना शुभेच्छा वगैरे देत नाहीत. हात दाबतात आणि म्हणतात, "सैल सोड गं." एकीचा गणिताचा पेपर गेला, तर बाकीच्या तिच्याभोवती बसून 'एक फुटली, फुटू दे गं' म्हणत होत्या. मी दाराआडून ऐकलं. यांच्या बापांनी हजारदा समजावलं असतं तरी जे झालं नसतं ते त्या ओळीनं केलं. पुनम डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पत्राच्या शेवटी नावाच्या आधी तेच लिहिते.

चार वर्षांत किती मुली येऊन गेल्या असतील मोजा. सगळ्यांना हे गाणं येतं आणि दुकानात एकाही कॅसेटवर ते नाही. असलं गाजलेलं गाणं तुम्ही तरी पाहिलंय का?

हिमायतनगरची सुमय्या म्हणून एक वाह्यात मुलगी आहे. तिनं वहीच केलीय, 'माझे'च्या पुढं काय असेल त्याची. एकतीस शेवट जमलेत. 'माझे भरणार कोण', 'माझे कामाला लागले', एकीनं तर 'माझे मार्क सांगू नका' लिहिलंय.

मला वाटतं ती बाई वारली असावी आणि तुम्हाला ते लिहवत नाही. तसं असेल तर सांगून टाका. मी माणसं गेलेली ऐकू शकते, मला सवय आहे. पण तो शेवट मला हवाय. मुलींसाठी म्हणत नाही. सात वर्षं झाली, माझे हात रिकामे आहेत. 'साऱ्या गावचे भरले हात, माझे', याच्यापुढं ती काय म्हणाली हे मला माझ्यासाठी ऐकायचंय.

सिंधु

*

नांदेड, २ ऑगस्ट १९९७

सिंधुताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहून राहिलो.

ती बाई वारली नाही. ती माझी सख्खी खाला, माझ्या आईची धाकटी बहीण. अमीरबी. मुखेडला असते. बांगड्यांची पेटी घेऊन खेडोपाडी फिरते, बाजारच्या दिवशी एसटी स्टँडजवळ बसते. मालक तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. बांगडी भरताना पोरींनी हात आखडू नये म्हणून गाते. गाणी तिची स्वतःची. लिहिता येत नाही, सगळं डोक्यात.

नव्वद साली उन्हाळ्यात ती माल न्यायला नांदेडला आली होती. मी म्हटलं, खाला, दुकानात बसून गा, मी भरून घेतो. शटर ओढलं. आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. घामानं निथळत तिनं सहा गाणी म्हटली. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस माझ्याकडे यायचा. मी म्हटलं, त्याला देतो, खाला, तुझं गाणं गावोगाव वाजंल. ती हसली. "अरे ज्जा," म्हणाली. पण मुखेडला जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं.

कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे बारीक तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. कामाची कॅसेट झाली की आम्ही पहिले ते मोडतो. मी मोडले नाहीत, कारण सातवं गाणं भरायचं होतं. वर नावही लिहिलं नाही, कारण झकास नाव सुचत नव्हतं. लग्नसराई आली, कोऱ्या कॅसेटी संपल्या, दारात वरातीची माणसं घाई करून राहिलेली. मी हात मागं घातला, हाताला आली ती लावली. खालाच्या सहा गाण्यांवर मी वरातीची गाणी भरली, ताई. गिऱ्हाईक घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं.

एका जुन्या कॅसेटीच्या शेवटी, उरलेल्या जागेत, तेवढं एक गाणं मी आधी घालून बघितलं होतं. जागा पुरली नाही म्हणून तुटलेलं. तेवढंच वाचलं. तुमच्यापर्यंत आलं ते त्याची नक्कल. त्यानंतर मी ते किती जणांच्या कॅसेटीत घातलं त्याला गणती नाही. म्हटलं, असं तरी वाजू दे.

तुम्ही म्हणाल, तू तर समोर बसला होतास, शेवट तुला आठवत असेल. नाही आठवत. ती गाऊन राहिली होती आणि मी मशीनची सुई बघत होतो. वर जाते की खाली जाते. मी, दुनियेला गाणी ऐकवणारा!

खालाला मी सांगितलं, कंपनीनं ठेवून घेतलीय, येईल. चार वर्षं तेच सांगितलं. बाजारात लोक तिला विचारायचे, "काय अमीरबी, रेडिओवर कवा?" पुढं कंपनीचाच माणूस मुखेडला गेला होता, तिनं त्याला गाठलं आणि सगळं उघडं पडलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आणि गात नाही. मुक्यानं बांगड्या भरते. तुमच्या मुलींचं मी तिला कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवू? म्हणेल, अजीजनं आणखी एक थाप आणली.

आता तुम्हीही पत्र लिहिणार नाही, हे धरून चाललो आहे.

अजीज

*

लातूर, ११ ऑगस्ट १९९७

अजीजभाई,

चार दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की मुलींना उगीच दोन वेळा ओरडले. खोटं बोललात तेही आपल्या माणसाशी, आणि माझ्याशीही. 'तिच्याबद्दल फारसं ठाऊक नाही' म्हणे!

पण ते गाणं मला तुमच्याच चोरीमुळं मिळालं, हेही खरं. मी मुखेडला जाते. कसं शोधायचं ते कळवा.

सिंधु

*

नांदेड, १९ ऑगस्ट १९९७

सिंधुताई,

स्टँडच्या बाहेर चिंचेच्या झाडाखाली, हिरवी लाकडी पेटी. पेटीच्या झाकणाला आतून आरसा आहे. माझं नाव काढू नका. कॅसेट वाजवून दाखवू नका, टेप बघितला की उठून जाते.

अजीज

*

लातूर, २० फेब्रुवारी १९९८

अजीजभाईंना नमस्कार.

हे पत्र वाचताना हवं तर शटर पूर्ण ओढून घ्या.

दिवाळीनंतर मी मुखेडला गेले. झाडाखाली तुमची खाला बसली होती. माझे हात बघून म्हणाली, "तुमाला भरायच्या न्हाईत. कोनासाठी पायजेत?" मी म्हटलं, लातूरला माझ्या एकशे चाळीस मुली आहेत. ती हसली नाही. "येवढ्या?" म्हणाली. मग मी म्हटलं, मुलींची परीक्षा आलीय, त्याआधी सगळ्यांना बांगड्या भरायच्यात, येता का? गाण्याचा शब्द काढला नाही. तुमचाही नाही. मीसुद्धा खोटं बोलू शकते, हे त्या दिवशी कळलं. म्हणजे अर्धंच खोटं, कारण बांगड्या तर भरायच्याच होत्या.

"संक्रांत होऊ द्या, रोजे होऊ द्या, ईद होऊ द्या," म्हणाली. "मग येते."

मला वाटलं नव्हतं येईल. परवा संध्याकाळी पाठीवर पेटी आणि हातात पिशवी घेऊन दारात उभी. मी मुलींना ती कोण आहे ते सांगितलं नाही. जेवणं होईपर्यंत तिनं साठेक मुलींचे हात भरले. काय हात आहे हो त्या बाईचा! अंगठ्याच्या खाली नुसतं दाबते आणि बांगडी कधी चढली ते कळत नाही. एकही फुटली नाही. पण तोंडानं अवाक्षर नाही. सुमय्या बसली तेव्हा आपल्या सवयीनं गुणगुणत होती, "सैल सोड गं हात पोरी." अमीरबीचा हात जागच्या जागी थांबला. तिनं सुमय्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्ये कुठं ऐकलं गं?" सुमय्या म्हणाली, "आज्जी, हे लातूरचंच आहे. सगळ्यांना येतं." अमीरबीनं तिचा हात पुन्हा धरला. बांगडी भरली आणि म्हणाली, "पुढची."

काल पहाटे मी नेहमीप्रमाणे उठले. अमीरबी माझ्याही आधी उठून अंगणातल्या हौदाशी नमाजासाठी हातपाय धूत होती. मी टेपचं बटण दाबलं.

गच्चीवरच्या कर्ण्यातून तिचा आवाज आला. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं वर पाहिलं, मग दाराकडे, मग परत वर. गल्लीतल्या दुसऱ्या घरांतून एकामागून एक तोच आवाज सुरू झाला. भीमाची सायकल फाटकासमोरून गेली, तो तेच म्हणत होता. आणि मग खोल्यांची दारं उघडली. मुली बाहेर यायला लागल्या, कोणाच्या तोंडात ब्रश, कोणाची वेणी सुटलेली, कोणाच्या काखेत घडी घातलेलं पांघरूण. सगळ्या गात होत्या. ऐकवायला म्हणून नव्हे. रोज गातात तशा, झोपाळलेल्या, बेसूर, फेस पुसत. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवरून. आदल्या संध्याकाळच्या नव्या बांगड्या वाजत होत्या.

'साऱ्या गावचे भरले हात, माझे'

खट्.

एकशे चाळीस मुली एकदम थांबल्या. रोजच थांबतात, त्यांना त्यात काही वाटत नाही. गाणं तिथंच संपतं, हेच त्यांना ठाऊक. पाठ फिरवून निघाल्याही.

अमीरबी घाबरल्यासारखी म्हणाली, "का गं थांबल्या?"

वरून एक मुलगी म्हणाली, "आज्जी, याच्यापुढं नाहीये."

"न्हाई कसं?" ती म्हणाली. "हाय की."

आणि अजीजभाई, तिथंच हौदाशी उभी राहून, पदरानं तोंड पुसून, ती गायला लागली. तीन-चार वर्षं न वापरलेला गळा. पहिला शब्द आलाच नाही नीट, दुसऱ्यापासून आला. कर्ण्यातला आवाज जसाच्या तसा खाली अंगणात उतरला.

साऱ्या गावचे भरले हात, माझे मोकळे दोन
मग तुझा हा हात पोरी धरणार होतं कोण

सुमय्याच्या तोंडातला ब्रश खाली पडला, तो आवाज आला तेवढाच. मग ती रडत जिना उतरून धावली आणि तिच्यामागून बाकीच्या.

एकतीस शेवट आम्ही जमवले होते. मी मनातल्या मनात त्याहून जास्त. सगळ्यांत ते हात बिचारे होते. माझ्या हातांकडे मी आठ वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. रिकामे म्हणत होते मी त्यांना. ती मोकळे म्हणाली. हे लिहिताना पुन्हा डोळे भरलेत, अक्षर पसरलं तर समजून घ्या.

गर्दी ओसरल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तुमच्या नावासकट. वरात, कॅसेट, सुई, सगळं. उरलेल्या जागेत तुम्ही ते गाणं लोकांच्या माथी मारत राहिलात, तेही सांगितलं. ती पेटीतल्या बांगड्या नीट करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी माजं गानं गावोगाव वाजंल म्हनला व्हता, त्ये खोटं न्हवतं त्याचं?"

मी म्हटलं, नव्हतं.

"पाच सालापास्नं वाजून ऱ्हायलंय, अन् त्या येड्यानं मला सांगितलं न्हाई?"

तुम्हाला काय कळवू, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, एक फुटली, फुटू दे." मग पेटीचं झाकण लावत म्हणाली, "त्या सहातली पाच मला अजून येतात. सहावं इसरले, पर बसले म्हंजी यील."

ती सोमवारपर्यंत इथं आहे, अजून पन्नासेक मुलींचे हात राहिलेत. आता भरताना गाते, त्यामुळे वेळ लागतोय. मुली मुद्दाम मागं जाऊन परत रांगेत बसतात. मशीन घेऊन या.

सिंधु

*

(पोस्टकार्ड)

नांदेड, २३ फेब्रुवारी १९९८, सकाळ

सिंधुताई,

तुमचं पत्र तासा-दीड तासापूर्वी मिळालं. हे कार्ड पोहोचण्याआधी मी पोहोचेन, तरी लिहितो, कारण एसटीला अजून अर्धा तास आहे आणि हात स्वस्थ बसत नाहीत.

नव्वदची कोरी कॅसेट घेतली. वर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, 'अमीरबी, मुखेड'. ए बाजूला पहिलंच 'सैल' भरायचं, पुरं. या वेळी काही चूक नको म्हणून घरातच तिचे दोन्ही कोपरे मोडून टाकले. स्टँडवर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की मोडल्यावर तिच्यात काहीच भरता येत नाही. चिकटपट्टी लावून भरता येतं, पण खालाच्या गाण्याला मला चिकटपट्टी नको. धावत जाऊन दुसरी आणली. म्हणून पहिली गाडी चुकली.

मोडलेलीही सोबत आणून राहिलो. ती खालाला दाखवायची आहे, ती हसेल.

अजीज